केल्व्हिनचा हिशेब आणि पेरीचे पत्र

आमच्या घरी आजीच्या वेळचा एक पाटा आहे. मिक्सर आल्यापासून तो न्हाणीघराच्या भिंतीला टेकून उभा असतो. नागपंचमी-दिवाळीला कधीतरी आडवा होतो, एरवी त्याची कोणी दखल घेत नाही. दगड आपल्या भागातलाच, काळा कुळकुळीत. बेळगाव हे दख्खनच्या काळ्या खडकाच्या दक्षिण टोकाजवळचे गाव. हा सगळा खडक म्हणजे एके काळी भुईतून उसळून पसरलेला लाव्हा, आणि त्याचे वय आता सुमारे साडेसहा कोटी वर्षे धरतात. उलट १८९७ साली लॉर्ड केल्व्हिन याने संपूर्ण पृथ्वीचेच वय २ ते ४ कोटी वर्षे ठरवले होते. त्या काळी पदार्थविज्ञानात त्याच्या तोडीचा अधिकार क्वचितच कोणाचा असेल. त्याच्या हिशेबाने पाहिले तर आमचा पाटा पृथ्वीहून जुना!

एवढा मोठा माणूस कुठे चुकला? या प्रश्नाचे एक ठरीव उत्तर आहे. केल्व्हिनच्या वेळी किरणोत्सारी द्रव्यांचा शोध लागला नव्हता. पृथ्वीच्या पोटात युरेनियम-थोरियमसारखी द्रव्ये सतत उष्णता निर्माण करतात हे त्याला ठाऊक नव्हते. पुढे रेडियम सापडले आणि केल्व्हिनचा हिशेब कोसळला. कितीतरी पुस्तकांत हे असेच दिलेले असते. मी इतिहासाचा एम.ए. विज्ञानाचे शिक्षक रजेवर गेले की रिकामा तास मुख्याध्यापकाच्या गळ्यात पडतो, आणि अशा तासाला मी वीसेक वर्षे हीच गोष्ट रंगवून सांगत आलो. मुलांना ती आवडते. मोठा माणूस तोंडघशी पडला की मुलांना बरे वाटते.

तीन-चार वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात गोष्ट सांगून संपवली आणि मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, ‘‘सर, आत्ता तुम्हीच म्हणालात, दगडातून उष्णता फार सावकाश जाते. शंभरेक किलोमीटर यायला दहा कोटी वर्षं लागतात. मग खाली खोलवर रेडियमची उष्णता तयार होते, ती तरी वर कशी आली? ती खालीच अडकून राहायला पाहिजे की.’’

मी घड्याळाकडे पाहिले आणि म्हणालो, ‘‘हे अभ्यासक्रमात नाही. बस खाली.’’ मुख्याध्यापकाने असे म्हटल्यावर वर्ग गप्प होतोच.

प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला. मग शोध सुरू झाला. एका माजी विद्यार्थ्याने लंडनच्या ‘नेचर’ या साप्ताहिकातली १८९५ सालची काही पाने संगणकावरून छापून आणून दिली. ती शब्दकोश घेऊन वाचली, आणि लक्षात आले की त्या मुलीचा प्रश्न बरोबर होता, माझी गोष्ट चूक होती, आणि खरे उत्तर रेडियम सापडण्याच्या आधीच एकाने केल्व्हिनला लिहून कळवले होते. ते उत्तर ज्या शब्दात सामावले आहे तो शब्द आहे अभिसरण. त्याचीच ही हकिगत.

हिंदीत आणि कन्नडात याला संवहन म्हणतात. आमच्याकडची मुले घरी एक, शाळेत दुसरे आणि दूरदर्शनवर तिसरे ऐकत असल्यामुळे ‘वहन’ आणि ‘संवहन’ यांत हमखास गोंधळ करतात. त्या मानाने मराठी शब्द सरस आहे. रक्ताभिसरणातले अभिसरण ते हेच: जाणे, फिरणे, परत येणे. वहनात पदार्थ जागच्या जागी राहतो आणि उष्णता एका कणाकडून दुसऱ्या कणाकडे सरकते, जसा उलथन्याचा दांडा तापतो. अभिसरणात तापलेला पदार्थ स्वतःच उठून चालू लागतो. तापल्याने तो फुगतो, हलका होतो, वर येतो; वरचा थंड, जड पदार्थ त्याच्या जागी खाली उतरतो. चुलीवर डाळ शिजताना दाणे मधून वर येतात आणि कडेने खाली जातात, ते पाहिले की झाले.

चुलीवरची ही गोष्ट शास्त्रात यायला मात्र बराच काळ गेला. हवेपुरती ती आधी आली. एडमंड हॅली, म्हणजे धूमकेतूवाला हॅली, याने १६८६ साली व्यापारी वारे आणि हिंदी महासागरातले मोसमी वारे यांच्यावर एक निबंध लिहिला आणि सोबत नकाशा दिला. सूर्य ज्या भागाला जास्त तापवतो तिथली हवा हलकी होऊन वर जाते आणि आजूबाजूची थंड हवा तिथे धावते, असे त्याचे म्हणणे. मृगाच्या सुमाराला आंबोलीच्या घाटावर जे ढग चढून येतात त्यांची पहिली कामचलाऊ उपपत्ती ती हीच. वारे सरळ उत्तर-दक्षिण न वाहता तिरके का वाहतात हे हॅलीला नीट जमले नाही. ते जॉर्ज हॅडली याने १७३५ साली पृथ्वीच्या फिरण्याशी जोडले. वेंगुर्ल्या-कारवारचे लोक दिवसाचे खारे वारे आणि रात्रीचे मतलई वारे यांच्या आधारावर पिढ्यान्‌पिढ्या होड्या चालवत आले आहेत. त्यांना हॅलीची गरज नव्हती, हॅलीला मात्र अशाच खलाशांच्या माहितीची गरज होती.

समुद्राची गोष्ट अधिक चमत्कारिक आहे, आणि थोडी ओशाळवाणीही. १७५१ साली हेन्री एलिस हा गुलामांची ने-आण करणाऱ्या एका इंग्रजी जहाजाचा कप्तान अटलांटिक महासागरात २५ अक्षांशाच्या आसपास होता. झडपा असलेली एक खास बादली दोरीला बांधून त्याने समुद्रात खूप खोल, ५३०० फुटांच्या वर, सोडली आणि खालचे पाणी वर काढले. वरचे पाणी ८४ अंश फॅरनहाइट, खालचे ५३. भर उष्ण कटिबंधात, अंगाची लाही होत असताना, खाली एवढे गार पाणी! एलिसने त्याचा उपयोग आंघोळीला आणि मद्य गार करायला केला आणि हे लिहूनही ठेवले. त्याच जहाजाच्या तळघरात माणसे कोंबायची असत. त्यांना त्या पाण्याचा काय उपयोग झाला ते त्या पत्रावरून कळत नाही.

हे थंड पाणी तिथे आले कुठून, याचा उलगडा काउंट रम्फर्डने १७९७ साली केला. या गृहस्थाचे मूळ नाव बेंजामिन थॉम्प्सन. जन्म अमेरिकेतला, नोकरी बव्हेरियाच्या राजदरबारी, आणि म्यूनिकमधल्या गोरगरिबांसाठी स्वस्त आणि पौष्टिक सूप कसे करावे याचा अभ्यास. सफरचंदाचा पदार्थ किंवा घट्ट सूप फार वेळ कढत राहते, पाणी लवकर निवते, हे त्याला खटकत होते. आपल्या घरात हे पिठल्याने शिकवले आहे. चहा निवतो, वरण निवते, पण ताटातले घट्ट पिठले वरून निवल्यासारखे दिसते आणि जिभेला चटका देते. एकदा रम्फर्डने मद्यार्काने भरलेली मोठी तापमापी निवायला खिडकीत ठेवली. आतल्या द्रवात धुळीचे कण होते, आणि उन्हात ते चमकत होते. त्याने पाहिले, की मधले कण वर चालले आहेत आणि काचेलगतचे खाली येत आहेत. पाण्यात स्टार्च किंवा पिसे घालून त्याने पुन्हा प्रयोग केले. हालचालीला अडथळा झाला की उष्णतेची वाटचालही मंदावते हे सिद्ध झाले. मग त्याने हाच न्याय समुद्राला लावला. ध्रुवाकडचे थंड पाणी तळाला बसते, तळातळाने विषुववृत्ताकडे येते, आणि वरचे कोमट पाणी उलट दिशेने ध्रुवाकडे जाते. आज हे पाणी ग्रीनलंडजवळ आणि अंटार्क्टिकाच्या कडेला बुडते हे माहीत आहे, आणि त्याची एक फेरी पुरी व्हायला हजारेक वर्षे लागतात. ‘कन्व्हेक्शन’ हा शब्द मात्र रम्फर्डचा नव्हे. तो विल्यम प्राउट याने १८३४ मध्ये रूढ केला.

आता हवा झाली, पाणी झाले. प्रश्न उरला दगडाचा.

केल्व्हिन म्हणजे मूळचा विल्यम थॉमसन. वयाच्या बाविसाव्या वर्षी, १८४६ साली, ग्लासगोला प्राध्यापक झाला. अटलांटिकच्या तळाशी तारायंत्राची तार टाकण्यात त्याचा मोठा वाटा. पुढे १८९२ मध्ये तो लॉर्ड केल्व्हिन झाला. १८६२ साली त्याने दोन निबंध वाचले. जानेवारीतला निबंध वातावरणातल्या अभिसरणावर होता: हवा वर-खाली घुसळली गेल्यामुळे उंचीप्रमाणे तापमान कसे बदलते, याचे सुरेख गणित. आणि एप्रिलमध्ये एडिंबरोत त्याने पृथ्वीच्या थंड होण्यावरचा तो प्रसिद्ध निबंध वाचला, ज्यात अभिसरणाला जागा नव्हती. एकाच माणसाचे, एकाच वर्षातले हे दोन निबंध. मला या प्रकरणातली सर्वांत विचार करायला लावणारी बाब हीच वाटते. त्याला अभिसरण माहीत नव्हते असे नाही. पृथ्वी वितळलेली असताना तिच्यात ते होते असे तोही मानत होता. एकदा ती घट्ट झाली की ते संपले, असे त्याने गृहीत धरले.

त्याचा हिशेब असा. खाणीत खाली उतरावे तसतसे गरम होत जाते, दर पन्नास फुटांना साधारण एक अंश फॅरनहाइट. पृथ्वी सुरुवातीला ७००० अंश तापलेला एकसंध गोळा होती असे धरा. आता तिचा पृष्ठभाग थंड राहतो आणि आतली उष्णता फक्त वहनाने, दगडादगडातून, बाहेर येते. सुरुवातीला पृष्ठभागालगत तापमानाचा चढ अगदी तीव्र असणार. काळ जाईल तसा थंडपणा आत शिरत जाणार आणि चढ सौम्य होत जाणार. आजचा चढ पन्नास फुटांना एक अंश एवढा सौम्य व्हायला किती काळ लागला असेल? फ्रेंच गणिती फूरिये याच्या सूत्रात आकडे घातले की उत्तर येते ९ कोटी ८० लाख वर्षे. दगडाच्या गुणधर्मांची अनिश्चिती लक्षात घेऊन केल्व्हिनने मर्यादा सांगितली २ कोटी ते ४० कोटी. गणितात एक पैचीही चूक नाही. आजही कोणी करून पाहावे.

त्याचा फटका बसला तो डार्विनला. त्याने १८५९ च्या आपल्या ग्रंथात दक्षिण इंग्लंडमधल्या एका खोऱ्याची झीज व्हायला ३० कोटी वर्षे लागली असावीत असा अंदाज दिला होता. टीका झाल्यावर तिसऱ्या आवृत्तीतून तो त्याने काढून टाकला. उत्क्रांतीला अफाट काळ हवा होता आणि केल्व्हिन तो देत नव्हता. डार्विनला ही चिंता अखेरपर्यंत छळत राहिली, असे त्याच्या पत्रांवरून दिसते. इकडे केल्व्हिनचा आकडा दर दहा-वीस वर्षांनी आणखी आकसत गेला.

१८९४ च्या ऑगस्टमध्ये ऑक्सफर्डला ब्रिटिश असोसिएशनचे अधिवेशन भरले. अध्यक्ष लॉर्ड सॉल्सबरी, इंग्लंडचे माजी पंतप्रधान (पुढच्याच वर्षी ते पुन्हा पंतप्रधान झाले). आपल्या भाषणात त्यांनी केल्व्हिनच्या हिशेबाचा हवाला देऊन उत्क्रांतिवाद्यांची खिल्ली उडवली: पदार्थविज्ञान एवढी वर्षे द्यायला तयारच नाही, तर तुमचे जीव उत्क्रांत होणार कधी? ज्यांना हे बोलणे लागले त्यांत एक होता जॉन पेरी.

पेरी हा आयर्लंडच्या उत्तरेकडचा, १८५० चा जन्म, पेशाने इंजिनिअर आणि शिक्षक. १८७४ साली तो ग्लासगोला केल्व्हिनचा मदतनीस होता. तिथून तो जपानला गेला, टोकियोच्या इंजिनिअरिंग कॉलेजात चार वर्षे शिकवले, आणि परतल्यावर लंडनमध्ये एका तंत्रविद्यालयात प्राध्यापक झाला. केल्व्हिनविषयी त्याला पराकाष्ठेचा आदर. भूशास्त्राची आवड असलेले मित्र पूर्वी त्याला विचारत, की या हिशेबात काही खोट आहे का. तेव्हा हा म्हणे, की केल्व्हिनच्या आकडेमोडीत चूक शोधणे व्यर्थ आहे. सॉल्सबरींच्या भाषणानंतर त्याने आकडेमोड बाजूला ठेवली आणि गृहीतकाकडे पाहिले.

पेरीचा मुद्दा थोडक्यात असा होता. पृथ्वीच्या आत उष्णता वरच्या कवचापेक्षा सुलभपणे वाहत असेल, विशेषतः आतला पदार्थ थोडासा जरी प्रवाही असून घुसळला जात असेल, तर वर एक पातळ थंड कवच आणि खाली सतत उष्णता पुरवणारा प्रचंड साठा अशी स्थिती होईल. केल्व्हिनच्या पृथ्वीत फक्त वरचा शंभर-दोनशे किलोमीटरचा थर निवतो. पेरीच्या पृथ्वीत सगळा गोळाच हळूहळू निवत असतो. साहजिकच कवचातला तापमानाचा चढ कोट्यवधी वर्षे फारसा न बदलता टिकून राहू शकतो. पेरीने आकडे काढले. आज दिसतो तोच चढ २००-३०० कोटी वर्षे जुन्या पृथ्वीवरही दिसू शकेल!

ऑक्टोबर १८९४ मध्ये त्याने हा लेख केल्व्हिनकडे आणि काही विद्वानांकडे पाठवला. उत्तर आले ते केल्व्हिनचे स्नेही, एडिंबरोचे प्राध्यापक टेट यांचे. त्यांचा सूर असा, की या लेखाचा हेतूच कळत नाही. आतला पदार्थ अधिक उष्णतावाहक आहे याला आधार काय. आणि एवढी वर्षे दिली म्हणून भूशास्त्रज्ञ काही तुमचे आभार मानणार नाहीत, त्यांची मागणी त्याहून मोठी आहे. पेरीने माघार घेतली नाही. सगळा पत्रव्यवहार जानेवारी १८९५ च्या ‘नेचर’मध्ये छापून आला.

केल्व्हिनचा पक्ष दुबळा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. पृथ्वी आतून पातळ असती तर चंद्र-सूर्याच्या ओढीने समुद्राबरोबर जमीनही वर-खाली झाली असती आणि किनाऱ्यावर भरती-ओहोटी दिसलीच नसती, असा त्याचा युक्तिवाद होता. त्यावरून त्याने पृथ्वी पोलादाइतकी ताठर ठरवली. ते बरोबरही आहे. पेरीचे उत्तर असे की बारा तासांच्या ओढीला ताठर असणे वेगळे आणि कोटी वर्षांच्या ओढीला ताठर असणे वेगळे. खाणींतले जुने बोगदे हळूहळू मिटत जातात, खडकांना घड्या पडतात, हे आपण पाहतो. दगड म्हणजे चांभाराचे मेण नव्हे हे मान्य, पण शंभर कोटी वर्षे हा काळही थोडाथोडका नव्हे!

रस्त्याच्या कामासाठी आणलेले डांबराचे पिंप कडेला आडवे पडलेले वाचकांनी पाहिले असेल. थंडीत त्या डांबरावर हातोडा मारा, काचेसारख्या कपच्या उडतात. तेच पिंप चार-सहा महिने तसेच राहू द्या, डांबर ओघळून जमिनीवर पसरलेले असते. मग हा पदार्थ घट्ट म्हणायचा की पातळ? गंमत अशी, की ग्लासगोच्या आपल्या वर्गात केल्व्हिन स्वतःच हा प्रयोग दाखवत असे. डांबरासारख्या पदार्थाच्या थाळीत खाली बुचे आणि वर शिशाच्या गोळ्या ठेवायच्या; यथावकाश गोळ्या तळाला आणि बुचे वर. उतरत्या लाकडी पायऱ्यांवरून डांबराची ‘हिमनदी’ सोडायची. ही मांडणी ग्लासगो विद्यापीठाच्या संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. पृथ्वीबद्दल विचार करताना मात्र हे डांबर त्याच्या मनात आले नाही.

केल्व्हिनने पेरीला उत्तर दिले, आणि त्यात एक वाक्य असे आहे की वाचताना मी पुन्हा मागे जाऊन पाहिले. आपली वरची मर्यादा ४० कोटींऐवजी बरीच जास्त, कदाचित ४०० कोटी, ठेवायला हवी होती हे शक्य आहे, असे तो म्हणतो. आज पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे मानतात. क्लेअर पॅटरसन याने १९५६ साली उल्कापाषाणातल्या शिशावरून ते काढले. म्हणजे दार उघडले गेले होते! पण केल्व्हिनने ते पुन्हा लावून घेतले. खडकांच्या वितळण्याची नवी मोजमापे हाती घेऊन तो उलट खाली उतरला, आणि १८९७ मध्ये २ ते ४ कोटींवर येऊन थांबला. सूर्याचा हिशेबही त्याला तेच सांगत होता. सूर्य आकुंचन पावून तापतो अशी तेव्हाची समजूत, आणि त्या न्यायाने सूर्याला दोन-चार कोटींपेक्षा जास्त आयुष्य नव्हते. अणूंच्या संमीलनातून सूर्य तळपतो हे कळायला पुढची चाळीस वर्षे जायची होती. पेरीने सूर्याच्या बाबतीत वाद घातला नाही. त्याने पृथ्वीचाही विषय पुढे फारसा लावून धरला नाही. भूशास्त्र हा त्याचा प्रांत नव्हता, आणि जुन्या गुरूशी जाहीर वाद घालणे त्याला जड गेले असावे असे मला वाटते.

१९०४ मध्ये रदरफर्डने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये किरणोत्सारी उष्णतेवर व्याख्यान दिले. ऐंशीच्या घरातला केल्व्हिन समोर डुलक्या घेत बसला होता, आणि नेमका पृथ्वीच्या वयाचा मुद्दा आल्यावर जागा झाला. रदरफर्डने प्रसंगावधान राखून म्हटले, की उष्णतेचा नवा उगम सापडला नाही तर, अशी अट लॉर्ड केल्व्हिन यांनी आधीच घालून ठेवली होती. म्हातारा खूश झाला. ही आठवण खुद्द रदरफर्डने सांगितलेली, आणि सांगायला इतकी सोपी, की पेरीचे पत्र तिच्याखाली गाडले गेले. प्रत्यक्षात केल्व्हिनच्या गणितात किरणोत्सारी उष्णता मिळवली तरी उत्तर फारसे बदलत नाही. कारण तेच, जे नववीतल्या मुलीने सांगितले. खोलातली उष्णता केवळ वहनाने वर यायला वेळच पुरत नाही. इंग्लंड, मोल्नार आणि रिक्टर या तीन भूभौतिकींनी २००७ साली पेरीच्या या दुर्लक्षित पत्रावर निबंध लिहून हे पुन्हा मांडले. किरणोत्साराने खडकांचे वय मोजायला घड्याळ दिले, हे खरे. पण केल्व्हिनची चूक दाखवायला ते घड्याळ लागत नव्हते.

पेरी एकटाही नव्हता. ऑस्मंड फिशर नावाच्या एका धर्मगुरूने १८८१ सालीच भूकवचाखाली अभिसरणाचे प्रवाह असावेत असे पुस्तकातून सुचवले होते. त्याच्याकडेही कोणी फारसे लक्ष दिले नाही. आणि त्याचे मोल पुढच्या पिढीला द्यावे लागले. १९१२ मध्ये वेगेनरने खंड सरकतात असे सांगितले तेव्हा पहिला आक्षेप हाच, की घट्ट पृथ्वीवर एवढे खंड हलवणार कोण? हॅरोल्ड जेफ्रीजसारखा जबरदस्त गणिती या ताठरपणावर अखेरपर्यंत अडून राहिला. वेगेनर १९३० साली ग्रीनलंडच्या बर्फात मरण पावला.

त्याच्या हयातीतच उत्तर देणारा माणूस होता आर्थर होम्स. किरणोत्साराने खडकांची वये काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याने केल्व्हिनच्या गोष्टीतले दोन्ही धागे एकत्र आणले: प्रावरणात किरणोत्सारी द्रव्ये उष्णता निर्माण करतात, आणि ती उष्णता बाहेर टाकायला वहन अपुरे पडते, म्हणून घट्ट दिसणारे प्रावरणच सावकाश घुसळले जाते. प्रवाह जिथे वर येऊन दोन दिशांना पांगतो तिथे खंड फाटतो आणि नवा समुद्र तयार होतो. जिथे खाली बुडतो तिथे खोल गर्ता आणि पर्वत. हा निबंध त्याने जानेवारी १९२८ मध्ये वाचला, आणि वाचला कुठे, तर ग्लासगोच्या भूशास्त्र मंडळात! छापून यायला १९३१ उजाडले. समुद्रतळाच्या मोजण्यांनी हे सगळे पटायला १९६० नंतरची वर्षे यावी लागली.

आज चित्र पुष्कळ सुधारले आहे. भूपट्टांना केवळ खालचा प्रवाह पाठीवर वाहून नेतो असे आता मानत नाहीत. थंड होऊन जड झालेली पट्टाची कडा प्रावरणात बुडते आणि बाकीच्या पट्टाला मागोमाग ओढते, ही ओढ मोठी. पण तेही अभिसरणच: थंड खाली, गरम वर. खडक नखे वाढतात तेवढ्याच गतीने सरकतो, वर्षाला काही सेंटीमीटर. आपला भारत अजून वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर ईशान्येच्या अंगाने जातो आहे. त्याहून खोल, गाभ्यातले वितळलेले लोखंड तर खरोखर द्रवासारखे घुसळते आणि त्यातून होकायंत्राची सुई वळवणारे चुंबकत्व जन्माला येते. आणि साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपला भूखंड, आज हिंदी महासागरात जिथे रियुनियन बेट आहे त्या भागावरून जात असताना, प्रावरणातून वर आलेल्या तापलेल्या खडकाच्या उमाळ्याने जो लाव्हा ओतला, त्याचाच एक तुकडा आमच्या न्हाणीघरात उभा आहे.

ती मुलगी मागल्या वर्षी कसल्याशा दाखल्यासाठी शाळेत आली होती. आता पी. यू. सी.ला आहे. मी तिला कपाटातून ती छापलेली पाने काढून दिली आणि म्हटले, ‘‘अगं, तू त्या दिवशी विचारलंस ते बरोबर होतं. मी तुला उगाच बसवलं.’’ ती जरा गोंधळली. तिला तो तास आठवतही नव्हता. उभ्याउभ्याच तिने दोन पाने चाळली आणि विचारले, ‘‘सर, या पेरीला पुढे काय मिळालं?’’

मी सांगितले, की या वादातून काही नाही. तो पुन्हा शिकवण्याकडे वळला. १९०१ साली ग्लासगोच्याच अधिवेशनात त्याने शाळेतले गणित कसे शिकवावे यावर मोठी चर्चा घडवून आणली. मुलांना नुसती सूत्रे पाठ करायला लावू नका, चौकटीचा कागद द्या, त्यांना स्वतः आलेख काढू द्या, असा त्याचा आग्रह होता.

‘‘म्हणजे ती आलेखवही त्याची होय!’’ ती म्हणाली, आणि दाखला घेऊन पळाली.